अमरावतीचा मुलांचा मानसोपचार दवाखाना: गोळीची भीती गेली

आमच्या दर्यापूरकडं पोट्टं वर्गात बसत नसलं, वही अर्धी सोडून उठलं का लोकांचं एकच म्हणणं, द्या दोन कानाखाली. माह्या पोराले एडीएचडी, म्हणजे ध्यान न टिकणं अन् एका जागी न बसणं हा त्रास, निघाला अन् डॉक्टर मॅडमनं मिथिलफेनिडेटची गोळी लिहून देल्ली तवा घरात सगळेच भेले, भावानं मोबाईलवर पाहून सांगतलं का हे तर कोकेनसारखंच काम करते, देऊ नका. पुढच्या तारखेले मी सरळ मॅडमलेच विचारलं. रागावल्या नाहीत, यासाठीच पैले पाच स्टार.

चिठ्ठीच्या मागं त्यांनी पेननं मेंदूच्या दोन पेशी काढल्या, मधात फट, फटीत ठिपके. ठिपके म्हणजे डोपामिन, पेशीचा निरोप नेणारं रसायन. एक पेशी ते सोडते, दुसरीले निरोप भेटते, अन् उरलेलं डोपामिन ट्रान्सपोर्टर नावाचं प्रोटीन वापस ओढून घेते. ही गोळी त्या ट्रान्सपोर्टरले अडवते म्हणून डोपामिन फटीत जास्त वेळ राहते, निरोपाचंच दुसरं रसायन नॉरअ‍ॅड्रेनालिनचंही तसंच, अन् पोराचं ध्यान टिकते. कोकेनही तोच ट्रान्सपोर्टर अडवते, मॅडमनं हे लपवलं नाही. फरक आहे वेगाचा. कोकेन ओढलं नाहीतर टोचलं का सेकंदा-मिनिटात मेंदूत जाते, डोपामिन एकदम उसळते, अन् नशा त्या उसळीची असते. पोटातून जाणारी गोळी हळू चढते, मेंदूत पुरा असर व्हायले तासभर तरी लागते, डोसही मोजून, म्हणून तशी उसळी येत नाही. घरी येऊन मी वाचलं, अमेरिकेतल्या मेंदूच्या संशोधक नोरा वोल्को यांच्या टीमनं 1998 मध्ये मेंदूचे पीईटी (PET) स्कॅन करून दाखवलं का डॉक्टर देतात त्या डोसमधेही निम्मे नाहीतर त्याच्याही वर ट्रान्सपोर्टर अडतात, तरी तोंडानं घेतली तर नशा सहसा होत नाही. पण हीच गोळी कुटून ओढली तर मात्र धोका, म्हणून डबी घरच्या मोठ्या माणसाजवळच पाहिजे. पेपरात येते ते नशेचं एमडी (मेफेड्रोन) अन् मेथ (मेथअँफेटामिन) तर ट्रान्सपोर्टरले उलटंच चालवून पेशीतलं डोपामिन बाहेर लोटतात, त्याची अन् याची बरोबरी करूच नका.

पोराची गणिताची वही आता पान खालपर्यंत भरलेली दिसते, शेवटचं उदाहरण सोडवून खाली रेघ मारलेली. दुपारचा डबा अर्धा वापस येते हे खरं, भूक कमी होते, उशिरा गोळी देल्ली तर झोपही लांबते. म्हणून प्रत्येक वेळी वजन, उंची, बीपी पाहतात, आवडलं मले.

तक्रार एवढीच का सकाळी नंबर लावला तरी दुपार होते, बाहेर खुर्च्या कमी, लहान लेकराले घेऊन उभं रहा लागते. गोळी तालुक्याच्या मेडिकलात भेटली नाही, कायद्यात कडक औषध आहे म्हणून बिना चिठ्ठीचं देत नाहीत, तवा अमरावतीतूनच घेऊन निघा. जातानी शाळेच्या वह्या अन् वर्गशिक्षकाची चिठ्ठी सोबत न्या, मॅडम पैले तेच मागतात.