ग्रीक-लॅटिन वर्ग, गंगापूर रोड, नाशिक : भाषाविज्ञानाच्या विद्यार्थिनीचा अनुभव

भाषाविज्ञानात एम.ए. करताना तौलनिक व्याकरणातील ग्रीक आणि लॅटिन उदाहरणे मी दोन वर्षे केवळ नजरेखालून घातली होती. ती नीट वाचता यावीत म्हणून गंगापूर रोडवर एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी दर रविवारी भरणाऱ्या वर्गाला सहा महिने गेले. शुल्क माफक असून संस्कृतची जुजबी ओळख पुरते.

सर रूपे पाठ करायला लावतातच, पण ते रूप तसे का झाले हेही त्याच तासाला फळ्यावर मांडतात, आणि हेच या वर्गाचे खरे बळ आहे. तिसऱ्या रविवारी त्यांनी संस्कृत ‘दधामि’ (मी ठेवतो) आणि त्याच धातूचे ग्रीक ‘तिथेमि’ शेजारी-शेजारी लिहिले. ‘धा’चे द्वित्व झाल्यावर दोन महाप्राण लागोपाठ येतात, तेव्हा पहिला अल्पप्राण होतो, जर्मन अभ्यासक ग्रासमान यांनी १८६३ मध्ये मांडलेला हा नियम मी परीक्षेत लिहिलाही होता. मात्र हा बदल दोन्हींच्या सामाईक मूळ भाषेतच, म्हणजे ग्रीकमध्ये ‘ध’चा ‘थ’ होण्याआधी, घडला असता तर आज ‘दिथेमि’ सापडले असते; ते सापडत नाही, म्हणजे दोन्ही भाषांनी हा नियम स्वतंत्रपणे पाळला, ही संगती मला त्या फळ्यासमोर प्रथमच उमगली. प्राचीन अथेन्सचे फ, थ, ख आपल्यासारखेच महाप्राण असल्याने उच्चाराची धास्तीही लवकर गेली.

लॅटिनवर मात्र अन्याय होतो. शेवटचे पाच रविवार तिच्या वाट्याला आले आणि सलग गद्य वाचायचे राहूनच गेले. छापील टिपणांचीही तक्रार आहे. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये शब्दारंभीच्या स्वरावरील, ‘ह’ उच्चारायचा की नाही हे दाखवणारी श्वासचिन्हे पुसट होतात, आणि ‘होरोस’ म्हणजे सीमा व ‘ओरोस’ म्हणजे डोंगर यांतला फरक त्या इवल्याशा चिन्हावरच असतो. पहिल्या चाचणीत मी तिथेच चुकले. सरांना सांगितल्यावर त्यांनी पुढची टिपणे हाताने लिहून दिली.

जानेवारीतील एका रविवारी वर्ग पांडवलेण्यांत भरला. सतरा क्रमांकाच्या लेण्यातील ब्राह्मी लेखात इंद्राग्निदत्त हा दाता स्वतःला ‘योणक’, म्हणजे यवन (ग्रीक), म्हणवतो. होमरच्या काव्यात हेच नाव ‘इआओनेस’ असे येते. तिथे मधला ‘व’ लोपला आहे, आपल्या ‘यवन’मध्ये तो टिकला आहे, आणि १९५२ मध्ये व्हेंट्रिस यांनी उलगडलेल्या लिनिअर बी या प्राचीन लिपीतील जुन्या ग्रीकमध्येही तो आढळतो. ओसरीत उभ्याने हे ऐकताना मी वहीत ‘यवन’ लिहून त्यातल्या ‘व’भोवती वर्तुळ काढले.

नवी तुकडी दिवाळीनंतर सुरू होते. लॅटिनसाठीच यायचे असेल, तर तासांची विभागणी आधी विचारून घ्यावी.