काइंड ऑफ ब्लू, एलपीवर

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा हा अल्बम इतकी वर्षं फोनवरच ऐकत होते, आता एकदाचा रेकॉर्डवर घेतला आणि खरं सांगते, पहिली साइड संपल्यावर उठून ती उलटायचंही सुचेना. १९५९ ला न्यूयॉर्कमधे फक्त दोन दिवसांत, २ मार्च आणि २२ एप्रिलला रेकॉर्ड झालेलं काम आहे हे. सो व्हॉट या गाण्यामधे पॉल चेंबर्सचा बास काहीतरी विचारतो आणि बाकीचे दोनच सुरांत उत्तर देतात, मग दीडेक मिनिटाला माइल्सचा सोलो सुरू होताना ड्रमर जिमी कॉब झांजेवर असा काही टोला हाणतो की तो घुमत घुमत विरेपर्यंत मी श्वास धरून बसते, दर वेळी! सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन, अ‍ॅडरली, पियानोवर बिल एव्हन्स सगळेच कमाल, पण माझा जीव त्या टोल्यात अडकलाय.

घेताना एक बघा. मार्चच्या सेशनला मेन टेप मशीन जरा हळू चालत होतं म्हणून ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवून काढलेल्या जुन्या प्रतींत पहिल्या साइडची तिन्ही गाणी किंचित फास्ट आणि वरच्या सुरात वाजतात, १९९२ पासून दुरुस्त आवृत्त्या आल्या, तीच घ्या. माझी तीच आहे, प्रेसिंग (रेकॉर्डची छपाई) शांत, फक्त ब्लू इन ग्रीन मधे बारीक चरचर येते आणि नेमका तिथेच पियानो इतका हळू आहे की ती खुपते. कव्हरही पातळ वाटलं. तरी पाचपैकी पाच.