डेव्हलपर वीसचा की चाळीसचा? इंदूरच्या एका पार्लर-सामानाच्या दुकानाचा अनुभव

घरच्या घरी केस निळे किंवा गुलाबी करायला निघालेली माणसे रंगाची ट्यूब फार पारखून घेतात आणि डेव्हलपर, म्हणजे ब्लीच पावडरीत किंवा रंगात कालवायचे हायड्रोजन पेरॉक्साइडचे मिश्रण, मात्र दुकानदार देईल तो उचलतात. राजवाड्याच्या परिसरातील ज्या दुकानातून रामबागेकडच्या अनेक पार्लरवाल्या ताई सामान नेतात, तेथे सहसा असे होऊ दिले जात नाही, ही त्या दुकानाची पहिली जमेची बाजू. बाटली काढण्याआधी काउंटरवरचे भैया ‘मेहंदी लगाई थी क्या?’ असे हमखास विचारतात, आणि तो प्रश्न योग्यच आहे. कारण काही मिश्र मेंदींमध्ये धातूंचे क्षार असतात आणि पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापून तुटू शकतात.

येथे क्रीम डेव्हलपर चारही तीव्रतांमध्ये मिळतो. दहा व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, वीस म्हणजे ६, तीस म्हणजे ९ आणि चाळीस म्हणजे १२ टक्के. आकडा मोठा तितका रंग उठावदार, अशी समजूत घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला हे दुकान चाळीसची बाटली मुकाट्याने विकत नाही. खरे तर भडक रंगांपैकी बहुतेक रंग थेट चढणारे असतात. त्यांना डेव्हलपर मुळीच लागत नाही, आणि मिसळलाच तर रंग फिका पडण्याचीच शक्यता अधिक. डेव्हलपरचे काम त्याआधीचे, म्हणजे ब्लीच पावडरबरोबर केसांतील मूळ काळेपणा उतरवण्याचे. रंग कसा दिसेल हे त्या उतरलेल्या पायरीवर ठरते.

आपल्याकडचे काळेभोर केस उतरताना आधी तांबूस, मग नारिंगी, मग पिवळे आणि शेवटी फिकट पिवळे होतात. लाल, किरमिजी किंवा गडद जांभळा रंग नारिंगी केसांवरही बरा बसतो, त्यामुळे तेवढ्यासाठी केसांना आणखी छळण्याचे कारण नाही. निळा मात्र नारिंगीवर मळकट आणि पिवळ्यावर हिरवट दिसतो. फिकट निळा किंवा फिकट गुलाबी हवा असेल तर केस केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतके फिके व्हावे लागतात. तेथवर पोहोचण्यासाठी चाळीसचा धक्का देण्याऐवजी वीसच्या डेव्हलपरने, पाकिटावरची वेळ न ओलांडता आणि मध्ये पुरेसे दिवस जाऊ देऊन, दोन-तीन टप्प्यांत काम करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. उजळण्याचे बरेचसे काम पावडरमधील परसल्फेटही करतात. जास्त तीव्रतेचा डेव्हलपर वेळ थोडा वाचवतो, पण केसांना ताकद देणाऱ्या प्रथिनांचे बंधही त्याच वेगाने तोडतो, आणि मग ओला केस बोटांत धरून ताणला की रबरासारखा लांबतो व परत जागेवर येत नाही.

टाळूजवळ तर वीसच्या पुढे जाऊच नये. तेथे डोक्याची स्वतःची ऊब असल्याने मुळे लांबीपेक्षा लवकर उजळतात, म्हणून मुळांशी दीडेक सेंटिमीटर जागा सोडून आधी लांबीवर मिश्रण लावावे आणि मुळे शेवटी घ्यावीत. तीसचा उपयोग टाळूपासून दूर, फॉइलमध्ये बांधलेल्या मजबूत, आधी काही न केलेल्या बटांसाठी ठीक, तोही सरावलेल्या हातांनी. दहाचा उपयोग ब्लीचनंतर उरलेली पिवळी-नारिंगी झाक मारणाऱ्या टोनरला. हे सारे सुरू करण्याआधी कानामागे ४८ तासांची पॅच टेस्ट (त्वचेला त्रास होतो का ते पाहण्यासाठी) आणि मागच्या एका बटेवर चाचणी घ्यावी, हे दुकानातून सांगितले जात नाही; सांगायला हवे.

डेव्हलपरचा दर्जाही समाधानकारक आहे. क्रीम दाट आहे, एक भाग पावडरीला दोन भाग अशा प्रमाणात कालवल्यावर ब्रशवरून ओघळत नाही आणि त्याला उग्र वासही येत नाही. मे महिन्यातही साठा उन्हापासून दूर, आतल्या अंधाऱ्या फळीवर ठेवलेला दिसतो. उष्णतेने पेरॉक्साइडचे विघटन होते व प्राणवायू सुटतो. फुगलेली किंवा उघडताना फसकन आवाज करणारी बाटली म्हणूनच घेऊ नये.

खटकणारी गोष्ट एकच, पण ती मोठी आहे. पाचशे मिलीच्या साध्या पांढऱ्या बाटल्यांत सुटा डेव्हलपरही येथे विकला जातो; त्यावर मार्करने आकडा लिहिलेला असतो, तारीख मात्र कोठेही नसते. तीव्रता खात्रीने कळत नसेल तर तो स्वस्त मालही महागच पडतो. त्यापेक्षा सीलबंद वीसची बाटली घ्यावी. ती संपलेली असल्यास एकाच कंपनीचे तीस आणि दहा समप्रमाणात मिसळूनही वीस तयार होतो, हे भैयांनाही ठाऊक आहे आणि विचारल्यास ते मोजून देतात.

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे इंदूरच्या रंग उधळणाऱ्या मिरवणुकीत, जाणाऱ्यांनी मात्र हा सारा खटाटोप त्यानंतरच करावा. ब्लीच केलेला केस इतका सच्छिद्र होतो की रस्त्यावरचा रंगही त्यात मुरून बसतो.