साताऱ्यातलं कोर्टाजवळचं भाषांतर केंद्र: टायपिंग चोख, ‘कायदा केला’ मात्र तपासून घ्या

साताऱ्यात जिल्हा न्यायालयाच्या आसपास टायपिंग, झेरॉक्स आणि भाषांतर एकाच टेबलावर करून देणारी दुकानं आहेत. त्यातल्या एका केंद्राबद्दल हे लिहितो आहे. नाव देत नाही, कारण खाली सांगितलेली चूक त्या एकट्याची नाही.

इंग्रजीवरून मराठी भाषांतर पानाला 250 रुपये, एक पान म्हणजे 300 शब्द. नुसतं टायपिंग 40 रुपये. सकाळी दिलेलं चार पानी काम दुसऱ्या दिवशी दुपारी मिळतं. मजकूर युनिकोडमध्ये देतात, त्यामुळे मेलवर पाठवलेली फाइल समोर उघडल्यावर अक्षरांचं कडबोळं होत नाही. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, खरेदीखताचा मसुदा यांवर हात बसलेला आहे. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ यांची अदलाबदल नाही, चतुःसीमा बिनचूक.

घोळ होतो तो ‘लेजिस्लेट’ (कायदे करणे) आणि त्याच्या भावंडांपाशी. एनॅक्ट (अधिनियम करणे), प्रोमल्गेट (अध्यादेश काढणे), नोटिफाय (अधिसूचना काढणे), काहीही असो, इथे सरसकट ‘कायदा केला’ टाइप होतं.

एक नमुना. जादूटोणाविरोधी कायद्यावरचं टिपण. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांमुळे हा विषय इथे घरोघरी माहीत आहे. मूळ इंग्रजी वाक्याचा अर्थ असा: ऑगस्ट 2013 मध्ये अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. हातात आलं ते असं: ‘सरकारने ऑगस्टमध्ये कायदा केला व डिसेंबरमध्ये विधानसभेने कायदा पास केला.’ वाचणारा विचारणार, मग एकच कायदा दोनदा केला का? अध्यादेश राज्यपाल काढतात, राज्यघटनेच्या अनुच्छेद 213 खाली. सरकारी मराठीत त्याला ‘प्रख्यापित करणे’ म्हणतात. सभागृहं पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याच्या जागी कायदा आला नाही तर अध्यादेश संपतो, म्हणून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधेयक संमत करून घ्यावं लागलं. शिवाय ते एकट्या विधानसभेचं काम नव्हे, विधान परिषदही त्यात आली. विधेयकाला राज्यपालांची संमती मिळाली की त्याचा अधिनियम होतो. तो अंमलात कधी येतो ही तारीख पुन्हा वेगळी असू शकते. टिपणात दोन तारखा असतील तर दोन्हींसमोरचं क्रियापद वेगळं हवं.

दुसरी अडचण व्याकरणाची. ‘एनॅक्ट’ला कर्म लागतं, अमुक अधिनियम केला. ‘लेजिस्लेट’ बहुधा कर्माशिवाय येतं: कशाविषयी, कशाविरुद्ध. मराठीत ‘कायदा’ हे कर्म क्रियापदातच बसलेलं असल्यामुळे ‘त्या विषयावर कायदे करणे’ एवढं पुरतं. इथला टायपिस्ट मात्र कोश उघडून ‘विधिविधान करणे’ उचलतो. शब्द चुकीचा नाही, सरकारी मराठीत चालतो. पण ‘नीतिमत्तेचे विधिविधान करता येत नाही’ हे वाचून पाटणच्या माणसाला सत्यनारायण आठवणार. ‘नीतिमत्ता कायद्याने आणता येत नाही’ म्हटलं की काम झालं.

‘लेजिस्लेटिव्ह’ला ‘विधायक’ ही तर ठरलेली चूक, मोबाइलवरच्या भाषांतरातून आलेली असावी. मराठीत विधायक म्हणजे भलं करणारं, रचनात्मक. हिंदीतला विधायक म्हणजे आपला आमदार. इथे हवा तो शब्द ‘विधायी’ किंवा ‘वैधानिक’. तसंच घटनेच्या ‘आर्टिकल’ला अनुच्छेद आणि अधिनियमाच्या ‘सेक्शन’ला कलम. बोलताना आपण दोन्हींना कलमच म्हणतो, पण कागदावर फरक राहू द्या.

सगळ्यात महाग पडते ती चूक गावच्या आणि सोसायटीच्या कागदांत. ग्रामसभा कायदा करत नाही, ठराव करते. मंत्रालयातून येतो तो शासन निर्णय. सहकारी संस्थेचे असतात ते उपविधी, आणि उपविधीतली दुरुस्ती सर्वसाधारण सभेने मंजूर केली तरी निबंधकांकडे नोंदल्याशिवाय वैध होत नाही. तिथे ‘संस्थेने नवीन कायदा केला’ असा अर्ज गेला, तर नोंदणी झाली की राहिली हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

म्हणून काम देताना अर्ध्या पानाची शब्दांची चिठ्ठी सोबत द्या: बिल–विधेयक, अॅक्ट–अधिनियम, ऑर्डिनन्स–अध्यादेश, रूल–नियम, रेग्युलेशन–विनियम, बाय-लॉ–उपविधी, नोटिफिकेशन–अधिसूचना, प्रोव्हायझो–परंतुक, रिपील–निरसन. चिठ्ठी दिली की तेच शब्द शेवटच्या पानापर्यंत जसेच्या तसे येतात, हे मान्य करायला हवं. नाही दिली तर पहिल्या पानावर ‘अधिनियम’, तिसऱ्यावर ‘कायदा’ आणि पाचव्यावर ‘अॅक्ट’.

छपाईआधी पडद्यावर वाचायला देतात, त्यावेळच्या दुरुस्तीचे पैसे नाहीत. प्रिंट निघाल्यावर पानाला 20 रुपये. तेव्हा पडद्यावरच ‘कायदा’ हा शब्द शोधायला सांगा आणि प्रत्येक ठिकाणी तो कोणी केला ते बघा. टायपिंगला पाचात साडेचार, करारांना चार, कायद्याच्या मजकुराला चिठ्ठीशिवाय अडीच. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी, त्या दिवशी यांचंही शटर खाली.