बाबांचं होलेप ऑपरेशन: हॉस्पिटलचा अनुभव आणि यूरोलॉजीच्या शेअरबद्दल थोडं

घरात कुणाला प्रोस्टेटचा त्रास असेल आणि डॉक्टरांनी होलेप (लेसरने प्रोस्टेटचा वाढलेला भाग काढायचं ऑपरेशन) सुचवलं असेल तर हे वाचा. नाशिकमधलं फक्त यूरोलॉजीचं (मूत्रमार्गाच्या आजारांचं) हॉस्पिटल, बाबांचं वय 72, सोनोग्राफीत प्रोस्टेट 90 ग्रॅमच्या वर आणि लघवी करून आल्यावरसुद्धा ब्लॅडरमध्ये 180 एमएल शिल्लक. सर्जनला पाचपैकी पाच, नर्सिंगला पाच, बिलिंगला दोन.

बाबा बरीच वर्षं युरीमॅक्सवर होते. सिप्लाची गोळी, आत टॅमसुलोसिन. टॅमसुलोसिन स्नायू सैल करतं, वाढलेलं प्रोस्टेट लहान करत नाही, हे आम्हाला कुणी धड सांगितलंच नव्हतं. रात्री चार-पाच वेळा उठणं, आणि एसटीने गावाला जायचं म्हटलं की सकाळपासून पाण्याला तोंड लावायचे नाहीत. लग्नाकार्याला जाणंही बंद केलं होतं, विचारलं तर म्हणायचे गुडघे दुखतात.

या डॉक्टरांचं मला पहिल्याच भेटीत आवडलं ते पीएसएच्या (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) रिपोर्टवरून. आकडा 2.1 होता, म्हणजे लॅबच्या हिशोबाने नॉर्मल. त्यांनी गोळ्यांची स्ट्रिप बघितली, त्यात टॅमसुलोसिनसोबत ड्यूटास्टेराइडही (प्रोस्टेट आकसवणारं औषध) होतं, आणि म्हणाले, "काका, ही गोळी सहा महिन्यांच्या वर चालू असली की पीएसए निम्मा दिसतो, म्हणून तुमचा दुप्पट धरायचा." मग एमआरआय करून घेतला, त्यात संशय यावा असं काही नव्हतं. आधीच्या ठिकाणी हाच रिपोर्ट बघून "एकदम ओके" सांगितलं होतं, म्हणून ज्यांच्या घरी ही गोळी चालू आहे त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवाच.

यूरोफ्लो ही लघवीच्या वेगाची तपासणी, म्हणजे पोट भरून पाणी पिऊन मशीनच्या फनेलमध्ये लघवी करायची, समोर ग्राफ येतो. सेकंदाला 15 एमएलच्या वर गेलं तर साधारण बरं, 10 च्या खाली अडथळ्याची शंका. बाबांचा ग्राफ 6 च्या आसपास आडवा पडलेला. ऑपरेशननंतर दीड महिन्याने तोच ग्राफ 19 पर्यंत चढला, बाबांनी तो कागद मागून घेतला आणि आल्या-गेल्याला दाखवतात.

आता ऑपरेशनबद्दल. संत्र्याच्या सालीतून गर सोलून काढावा तसा होल्मियम लेसरने प्रोस्टेटचा आतला वाढलेला भाग सोडवतात, ब्लॅडरमध्ये ढकलतात आणि मॉर्सेलेटरने बारीक करून ओढून घेतात. बाहेर कुठे चीर नाही. न्यूझीलंडमध्ये पीटर गिलिंग यांनी 1990 च्या दशकात ही पद्धत बसवली. जुन्या टीयूआरपीच्या (लघवीच्या मार्गातून प्रोस्टेट खरवडून काढायचं ऑपरेशन) मानाने रक्त कमी जातं आणि मोठ्या गाठीलाही चालतं, पण सर्जनचा हात बसायला चाळीस-पन्नास केसेस तरी लागतात, म्हणून मशीन कुठलं आहे याच्याआधी डॉक्टरांनी किती केलीत ते विचारा, आम्ही विचारलं होतं आणि त्यांना राग आला नाही.

पहिली रात्र महत्त्वाची. तीन तोंडांचा कॅथेटर (लघवीची नळी), एका बाजूने सलाइन आत, दुसरीकडून बॅगेत बाहेर. मध्यरात्री बॅग भरायची थांबली आणि बाबा पोट धरून कण्हायला लागले. सिस्टरने सलाइन बंद केलं, मोठ्या सिरिंजने दोनदा जोर लावून धुतलं, काळपट गुठळी बाहेर आली, परत पाणी सुरू. मग नळी ट्यूबलाइटसमोर धरून म्हणाली, "दादा, असा फिका गुलाबी रंग चालेल, टोमॅटोच्या सारासारखा झाला की लगेच हाक मारा." त्यानंतर रात्रभर दर थोड्या वेळाने येऊन बघून जात होती. बाकी काही असो, या एका बाईमुळे मी हॉस्पिटल लोकांना सुचवतो.

तक्रार दोन गोष्टींची. कॅथेटर काढल्यावर काही आठवडे लघवी थेंब थेंब गळू शकते, खोकला आला की जास्त, आणि त्यासाठी केगल (लघवी रोखणारे स्नायू आवळायचे) व्यायाम असतात हे डिस्चार्जच्या वेळी कुणी सांगितलं नाही. बाबा घाबरले, त्यांना वाटलं आयुष्यभराचं झालं. फोन केल्यावर डॉक्टरांनी नीट समजावलं आणि ते थांबलंही, पण छापील कागद हातात द्यायला काय जातं? दुसरं, सव्वा लाखाचं पॅकेज सांगून बायोप्सी आणि मॉर्सेलेटरचं ब्लेड वेगळं लावलं, आणि कॅशलेसच्या मंजुरीसाठी अख्खा दिवस बसवून ठेवलं.

मी मार्केटमध्ये पैसे टाकतो, त्यामुळे ते ब्लेडचं बिल बघून हिशोब डोक्यात सुरू झाला. वय वाढलं की प्रोस्टेट वाढतंच, पेशंट कमी होणार नाहीत, म्हणून "यूरोलॉजीत पैसा लावा" असं लोक सहज सांगतात. पण कंपनी कमावते ती प्रत्येक केसला नवीन लागणाऱ्या वस्तूवर. इंट्युटिव्ह सर्जिकल या कंपनीचा दा विंची हा ऑपरेशनचा रोबोट अमेरिकेत 2000 साली मंजूर झाला, त्याच वर्षी शेअर लिस्ट झाला, आणि आज कमाईचा मोठा भाग रोबोट विकून नाही तर ठरावीक वापरानंतर टाकायच्या अवजारांतून आणि सर्व्हिसमधून येतो. प्रोसेप्ट या कंपनीचं पाण्याच्या झोताने प्रोस्टेट कापणारं मशीन, तिथेही प्रत्येक पेशंटला नवा हँडपीस. होलेपमध्ये मात्र लेसरचे काही फायबर निर्जंतुक करून परत वापरता येतात आणि खरं काम हाताचं, त्यामुळे बाबांना ज्याचा सगळ्यात जास्त फायदा झाला त्यातून कुठल्याच कंपनीला तेवढं मिळत नाही. पेशंट म्हणून जे उत्तम ते शेअर म्हणून उत्तम असेलच असं नाही, आणि उलटंही.

टेलिफ्लेक्स या अमेरिकन कंपनीने यूरोलिफ्टवाली (प्रोस्टेट बाजूला ओढून धरणारे छोटे इम्प्लांट) निओट्रॅक्ट कंपनी 2017 मध्ये 1.1 अब्ज डॉलरपर्यंतच्या सौद्यात घेतली, प्रत्येक पेशंटला चार-पाच इम्प्लांट म्हणजे कागदावर झकास धंदा, पण पुढे अमेरिकेत डॉक्टरांना मिळणारे दर कमी झाले आणि विक्री मंदावली. म्हणजे फेकायची वस्तू कोणती याच्याइतकंच तिचे पैसे कोण भरतं हेही बघावं लागतं.

आपल्याकडे निव्वळ यूरोलॉजीचा शेअर शोधायला गेलात तर हाती फार काही लागत नाही. नडियादचं मुळजीभाई पटेल हॉस्पिटल 1978 पासून आहे, नाव मोठं, पण ट्रस्ट. हैदराबादच्या एआयएनयू या यूरोलॉजी-किडनी हॉस्पिटलांच्या साखळीत 2023 साली एशिया हेल्थकेअर होल्डिंग्सने मोठा हिस्सा घेतला, तीही लिस्टेड नाही. डायलिसिसवाल्या कंपनीला यूरोलॉजी समजून घेऊ नका, ते नेफ्रोलॉजीचं (किडनीच्या आजारांचं) काम, धंद्याचं गणित पूर्ण वेगळं. सिप्ला घेतली तर युरीमॅक्स हा त्यातला छोटासा तुकडा. मी स्वतः यातलं अजून काही घेतलेलं नाही.

आणि एक, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर टॅमसुलोसिन चालू आहे किंवा पूर्वी घेत होते हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा, ऑपरेशनच्या वेळी बुबुळाचा पडदा (आयरिस) ढिला पडू शकतो, गोळी आधीच बंद केली असली तरी.