फळी क्रमांक सहा आणि झिंग्यांचा रस्सा

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, वैनगंगेवरील गोसीखुर्द धरण प्रकल्पाच्या एका पुनर्वसित गावठाणात ही लहानशी खानावळ आहे. तिच्यावर पाटी नाही. ‘झिंगेवाल्या मावशी कुठे राहतात’ एवढे विचारले की कोणीही घर दाखवते. मी मूळचा ज्या गावचा, ते वैनगंगेच्या काठचे आठवडी बाजाराचे गाव आज पाण्याखाली आहे आणि मावशींचे ढिवर, म्हणजे मासेमार, कुटुंबही त्याच गावचे आहे, तेव्हा हे परीक्षण तिऱ्हाइताचे नाही.

आत सहा मेजे आहेत आणि मी थबकलो तो त्यांच्यापाशीच. आमच्या बाजारातील किराणा दुकानाला सुट्या सागवानी फळ्यांचे दार होते. प्रत्येक फळीवर रंगाने आकडा घातलेला असे आणि संध्याकाळी त्या आकड्यांच्या क्रमानेच खाचेत सरकवाव्या लागत. फळ्या हाती देण्याचे काम आम्हा पोरांचे, आणि त्याबद्दल मुठीत फुटाणे मिळत. गाव उठले तेव्हा लोकांनी आपापल्या घरांची कवेलू, फाटे, दारे उतरवून ट्रॅक्टरवर घालून नेली. त्या दुकानाच्या फळ्या मावशींच्या सासऱ्यांनी विकत घेतल्या आणि पुढे त्यांची मेजे झाली. मी जेवलो त्या मेजावर ‘६’ हा आकडा अजून वाचता येतो.

झिंग्यांचे ताट १८० रुपयांना आहे. त्यात झिंग्यांचा रस्सा, भात, लाखोरीचे, म्हणजे लाखेच्या डाळीचे, दोन वडे, आंबाडीची भाजी आणि कांदा येतो. रस्सा उत्तम आहे, किंबहुना त्याच्यासाठीच तेथे जावे. वाटण पाट्यावरचे आहे, मिरची भिवापुरी आहे, आणि झिंगे शिजवताना घाई केलेली नसल्यामुळे त्यांचा मूळचा गोडवा तिखटाखाली दबत नाही. लहानपणी हेच झिंगे आम्ही उन्हाळ्यात, नदी आटून गुडघाभर राहिली की, दगडांच्या कपारीत हात घालून धरत असू. पलीकडच्या वाळूत ढिवरांच्या डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांच्या वाड्या, असत; वाळूत खोल खड्डे करून त्यांत खत घालून वेल लावलेले, आणि राखणीच्या झोपडीत मावशींचे सासरे बसलेले. पकडलेल्या झिंग्यांतील अर्धे त्यांना दिले की ते ओल्या वाळूत पुरून गार केलेले डांगर फोडत. आता पाणी बारा महिने उभे असते, त्यामुळे ती वाळू नाही आणि डांगरवाडीही नाही. मावशी उन्हाळ्यात बाजारातून आणलेले डांगर कापून देतात, पण त्याचे पैसे लावत नाहीत.

‘झिंगे पयलेवानी भेटत नाई जी भाऊ, कतला-रोहूच जास्त,’ असे त्या म्हणाल्या. जलाशयात मत्स्यबीज सोडले जाते ते मुख्यतः याच माशांचे. येथील कतल्याची शिफारस मात्र मी करणार नाही. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि या संथ पाण्यात साचून राहते. त्याची काहीशी गढूळ चव माशाला लागलेली मला जाणवली, आणि हा दोष स्वयंपाकाचा नाही.

भात एचएमटीचा, म्हणजे नागभीड तालुक्यातील दादाजी खोब्रागडे यांनी निवडून सिद्ध केलेल्या वाणाचा, आणि मोकळा शिजलेला होता. आमच्या धानाच्या बांधीत लुचई पिके आणि तिचाच भात आम्हाला ठाऊक होता. तरीही या भाताला मी नावे ठेवणार नाही. वडे मात्र थंड होते आणि थंड वड्यात लाखोरीचा खमंगपणा उरत नाही. धान कापण्याआधीच ओल्या बांधीत लाखोरी फेकून पेरली जाई, त्यामुळे मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, दिवसांत आमचे शिवार हिरवे असे. दंडार हे लोकनाट्य पाहून पहाटे परतताना शेताच्या धुऱ्यावर बसून कोवळे शेंडे खुडून खाल्लेले मला स्पष्ट आठवतात. ते वडे कढईतून थेट ताटात यावेत, अशी माझी मावशींना विनंती आहे.

धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले, तेव्हा मी चौथीत होतो. त्यानंतर दोन दशके गाव ‘उठणार, उठणार’ म्हणत जगले. कोणी घराला गिलावा केला नाही, कोणी नवी विहीर खोदली नाही, सोयरीक जुळवतानाही बुडीतातले गाव म्हणून पाहुणे काचकूच करत. ती वर्षे पाण्यात गेलेल्या घरांच्या मोबदल्यात कोठेच मोजली गेली नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते.

निघताना आईसाठी डबा भरून घेतला. आई आता नागपूरला माझ्याकडे असते आणि जेवणाबद्दल सहसा बोलत नाही. पहिल्या घासाला ती म्हणाली, ‘तेल जवसाचं नोहे.’ तिचे खरे होते. मावशी आता सोयाबीनचे तेल वापरतात. दुसऱ्या घासानंतर तिने मान वर केली आणि विचारले, ‘हे घाटावरल्या ढिवराच्या घरचं हाय काय?’ मी तिला कोठे गेलो होतो ते सांगितलेच नव्हते.

खानावळ सकाळी अकरापासून ताटे संपेपर्यंत चालते. झिंगे हवे असल्यास आदल्या दिवशी निरोप द्यावा लागतो, आणि डबा न्यायचा असल्यास स्वतःचे भांडे न्यावे, कारण पिशवीत बांधलेला रस्सा नागपूरपर्यंत नीट पोहोचत नाही.