सपाट की वक्र, ओएलईडी की मिनी एलईडी? आधी हॉल मोजा

टीव्हीच्या दुकानात जायच्या आधी घरी टेप हातात घ्या आणि तीन गोष्टी बघा. सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत अंतर किती? सगळ्यात कडेला बसणारा माणूस किती तिरका बसतो? आणि खिडकी टीव्हीच्या समोर आहे की बाजूला? निम्मा निर्णय इथेच होतो. किंमत आणि ब्रँड नंतर.

अंतराचा हिशोब सोपा आहे. पडद्याच्या कर्णाच्या १.२ ते १.६ पट अंतरावर बसलं की चित्र डोळे भरून दिसतं. ५५ इंची टीव्हीचा कर्ण १४० सेंटीमीटर, म्हणजे साडेपाच ते साडेसात फूट. दहा फुटी हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकवला तर डोळे टीव्हीपासून साधारण साडेसात फुटांवर येतात. तिथे ५५ इंच बरोबर बसतो, ४३ लहान वाटतो.

आता आकार. आज मिळणारे जवळजवळ सगळे टीव्ही १६:९ (रुंदी:उंची) प्रमाणाचे आहेत, आणि ते बरंच आहे. क्रिकेट, मालिका, बातम्या सगळं याच मापात येतं. सिनेमास्कोप, म्हणजे जास्त रुंद पडद्यासाठी काढलेला, चित्रपट २.३९:१ चा असतो, म्हणून ५५ इंची पडद्यावर वर आणि खाली साधारण पावणेनऊ सेंटीमीटरच्या काळ्या पट्ट्या राहतात. या पट्ट्या घालवण्यासाठी फिलिप्सने २००९ मध्ये २१:९ चा ५६ इंची टीव्ही आणला होता. त्यावर चित्रपट कडेपर्यंत भरायचा, पण रोजचा कार्यक्रम लावला की पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला यायच्या. दिवसातले किती तास सिनेमा आणि किती तास बाकीचं, याचं उत्तर घराघरांत एकच असल्याने तो आकार टीव्हीत टिकला नाही.

जुने ४:३ चे कार्यक्रम किंवा प्रभातच्या काळातले चित्रपट लावले की बाजूला पट्ट्या येतात. त्या घालवायला ‘फुल’ किंवा ‘स्ट्रेच’ करू नका, चेहरे एक तृतीयांशाने रुंद होतात. ‘झूम’ केलं तर वरचा-खालचा मिळून पाव भाग कापला जातो. रिमोटवर ‘ओरिजिनल’ किंवा ४:३ ठेवा. पट्ट्या डोळ्यांना दोन मिनिटं खुपतात, रुंदावलेला चेहरा शेवटपर्यंत खुपतो.

वक्र पडद्याचं आकर्षण अजून अनेकांना आहे. २०१३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी असे टीव्ही आणले, काही वर्षांतच ते मागे पडले. कारण भूमितीत आहे. ४२००आर वक्रता म्हणजे ४.२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. ५५ इंची पडद्यावर कडा मध्यापेक्षा जेमतेम साडेचार सेंटीमीटर पुढे येतात. आठ फुटांवरून एवढ्या वळणाने ‘वेढल्यासारखं’ काही वाटत नाही, आणि जे थोडं जाणवतं ते बरोबर मध्यावर बसलेल्या एकालाच. बाजूच्या खुर्चीवरून जवळची कड आपल्यापासून वळलेली दिसते. खिडकीचं किंवा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वक्र काचेवर लांबट ओढलं जातं, भिंतीला लावल्यावर कडा बाहेर डोकावतात. वक्र पडदा शोभतो तो टेबलावरच्या कॉम्प्युटर मॉनिटरला, कारण तिथे माणूस एकटा आणि हातभर अंतरावर बसतो. हॉलसाठी सपाटच घ्या, वापरलेला वक्र टीव्ही स्वस्तात मिळत असला तरी.

पैसे घालायचे ते पॅनेलवर, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पडद्यावर. इथे नावांचा गोंधळ आधी सोडवू. ‘एलईडी’, ‘क्यूएलईडी’ आणि ‘मिनी एलईडी’ हे तिन्ही मुळात एलसीडी आहेत: मागे दिवे, पुढे द्रवस्फटिकांची झडप. क्यूएलईडीत क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो, त्याने रंग शुद्ध होतात. मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि शेकडो गटांत विभागलेले असतात, काळ्या भागामागचा गट मंद होतो. ओएलईडीत मात्र मागे दिवाच नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो.

एलसीडीतही व्हीए आणि आयपीएस असे दोन प्रकार आहेत आणि दुकानदार हे सहसा सांगत नाही. व्हीएचा काळा गडद, कॉन्ट्रास्ट (उजळ आणि काळ्यातला फरक) ३०००:१ च्या वर, पण बाजूने पाहिलं की रंग फिके पडतात. समोर सहा फूट आणि बाजूला पाच फूट बसलेल्या माणसाचा कोन जवळपास ४० अंश होतो. त्याला व्हीएवर चेहरे धुतल्यासारखे दिसतील. आयपीएसवर रंग तसेच राहतात, पण रात्री दिवे घालवल्यावर काळा रंग राखाडी दिसतो. एकाच मॉडेलच्या ४३ आणि ५५ इंची टीव्हीत पॅनेल वेगळं असू शकतं, हेही लक्षात ठेवा.

अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघणाऱ्याला ओएलईडीला तोड नाही. काळ्या पडद्यावर पांढरं सबटायटल आलं की मिनी एलईडीवर अक्षरांभोवती धूसर वलय दिसतं. ओएलईडीवर अक्षर अक्षराच्या जागी संपतं. बाजूने बघूनही फारसा फरक पडत नाही. पण दिवसभर बातम्यांची वाहिनी लागणारं घर असेल तर नको. खालची लाल पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो रोज तासन्‌तास एकाच जागी राहतो, तिथले पिक्सेल बाकीच्यांपेक्षा लवकर झिजतात आणि पुढे त्या जागी कायमची सावली उमटते.

आपल्याकडे यात एका सवयीची भर पडते: झोपताना भिंतीवरचं बटण बंद करणं. ओएलईडी टीव्ही काही तासांच्या वापरानंतर, रिमोटने बंद केल्यावर, पिक्सेलची झीज मोजून ती भरून काढण्याचं काम काही मिनिटं करतो. मेन स्विच लगेच बंद केला तर ते राहून जातं आणि डाग, पट्टे लवकर दिसू लागतात. म्हणून ओएलईडी रिमोटनेच बंद करा आणि पुरेसा वेळ स्टँडबायवर राहू द्या.

एलसीडीचं दुखणं वेगळं. आवाज येतो, चित्र नाही. अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्याजवळ टॉर्च धरा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल ठीक आहे, बॅकलाइटची, म्हणजे मागच्या दिव्यांची, पट्टी गेली आहे. पट्टीतले दिवे मालिकेत जोडलेले असतात, एक गेला की सगळी पट्टी विझते. ती बदलता येते, पण पॅनेल उचलताना तडकू शकतं, म्हणून सराव असलेल्याच माणसाकडून करून घ्या. पट्ट्या लवकर जाण्याचं एक मोठं कारण म्हणजे बॅकलाइट कायम १०० वर ठेवणं. संध्याकाळी ५० ते ६० पुरतो. ओएलईडीत असा दुरुस्त होणारा सुटा भाग नाही. पॅनेल गेलं की खर्च जवळपास नव्या टीव्हीचा. वॉरंटीत पॅनेल किती वर्षं आणि पिक्सेलच्या डागांचं काय, हे छापील कागदावर वाचा.

तर खिडकी समोर, दिवसा बघणं, घरभर माणसं आणि बातम्या: मिनी एलईडी घ्या, बाजूने बघून पारखलेला. बजेट कमी असेल तर आयपीएस. खोलीला पडदे आहेत, रात्री दोन-तीन जण सिनेमा बघतात: ओएलईडी. एकटाच समोर बसणारा असेल तर साधा व्हीएही सुरेख.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर दोन चित्रं न्या: एक पूर्ण काळं, एक काळ्यावर पांढऱ्या अक्षरांचं. टीव्ही दुकानासाठीच्या भडक ‘स्टोअर मोड’मधून काढून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर मोड’वर ठेवायला सांगा. दुकानातल्या लख्ख उजेडात सगळेच काळे सारखे दिसतात, म्हणून तिथले दिवे मिनिटभर घालवायची विनंती करा. मग समोरून बघा, आणि घरातल्या त्या कडेच्या खुर्चीच्या कोनावर जाऊन पुन्हा बघा.